'शब्द' नावाचे घर

परदेशी जायचे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न मसाल्याचा. २०१९ च्या ऑक्टोबरात माझी धाकटी बहीण आपल्या लेकीला भेटायला युक्रेनला निघाली आणि सोबत म्हणून तिने मलाही ओढले, तेव्हा आमच्या दोन बॅगांपैकी एक निव्वळ गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि लसणीची चटणी यांनी भरलेली होती. भाची खारकीवला डॉक्टरी शिकत होती. नकाशात आपण हे नाव 'खारकोव्ह' असे वाचत आलो. तिथली कित्येक माणसे 'खारकीव' म्हणतात. हा केवळ उच्चाराचा प्रश्न नव्हे, हे मला तिथे गेल्यावर चौथ्या दिवशी कळले. ती हकीकत सांगावी म्हणूनच हा लेख.

पहिले तीन दिवस बहिणीने लेकीच्या खोलीतला ओटा घासण्यात घालवले आणि मी अंगावरच्या स्वेटरांची संख्या वाढवण्यात. रस्त्यांवर पिवळ्या पानांचा खच पडलेला. कोपऱ्याकोपऱ्यावर म्हाताऱ्या बायका डोक्याला रुमाल बांधून सफरचंदे आणि खारवलेल्या काकड्या विकायला बसलेल्या. आमची भाची त्यांच्याशी मंडईतल्यासारखी घासाघीस करी, ती रशियन भाषेत. आम्ही दोघे बहीणभाऊ कौतुकाने ऐकत उभे राहायचे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी भाचीने आपल्या भाषेच्या बाईंना चहाला बोलावले. परदेशी मुलांना रशियन शिकवण्यात बाईंचा जन्म गेला होता. वय साठीच्या पुढे, केस पांढरे, पण पाठ ताठ. इंग्रजी चांगले बोलत. बहिणीने केलेले थालीपीठ त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "आपण काय करता?"

"आता काही नाही. शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत होतो."

संस्कृत हा शब्द ऐकला मात्र, बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे कालिदास! आमच्या गावातल्या एका माणसाने मेघदूत आमच्या भाषेत आणले आहे. उद्या तुम्हाला ते पुस्तक दाखवते. आणि एक घरही दाखवते."

"तुमच्या भाषेत म्हणजे रशियनमध्ये ना?" मी आपला भोळेपणाने विचारून गेलो.

भाचीने टेबलाखालून माझा पाय दाबला. बाई मात्र हसल्या. म्हणाल्या, "रशियन मी वर्गात शिकवते. घरी आम्ही युक्रेनियन बोलतो."

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाजवळच्या त्या अफाट चौकात बाई आम्हाला भेटल्या. 'स्वातंत्र्य चौक' त्याचे नाव. आपले शिवाजी पार्क आणून ठेवले तरी कडेला जागा उरावी असे वाटले. चौकाच्या एका अंगाला काचा आणि काँक्रीट यांची एक प्रचंड इमारत उभी आहे, तिचे भाग हवेतल्या पुलांनी एकमेकांना जोडलेले. १९२८ साली ती पुरी झाली. हे गाव तेव्हा सोव्हिएत युक्रेनची राजधानी होते. १९३४ मध्ये राजधानी कीवला गेली, पण मधल्या पंधरा वर्षांत कवी, नाटककार, चित्रकार, नट सारे या गावाकडे धावले होते.

बाकावर बसून बाईंनी पिशवीतून पुस्तक काढले. 'प्राचीन भारताचे आवाज' असे त्याचे नाव, छपाई कीवची, साल १९८२. अनुवादक पाव्लो रित्तर. हे गृहस्थ खारकीवच्या विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक. मेघदूत त्यांनी १९१४ साली रशियनमध्ये आणले, आणि पुढे विसाच्या दशकात युक्रेनियन भाषेला बरे दिवस आले तेव्हा पुन्हा एकदा युक्रेनियनमध्ये. मी आनंदाने पाने उलटत होतो. अक्षरे काही लागत नव्हती, पण एका ठिकाणी ओळींची लांबी पाहूनच मंदाक्रांतेचा भास झाला.

"छापले केव्हा म्हणालात? ब्याऐंशी साली? तेव्हा प्राध्यापक हयात होते?"

"नाही. १९३८ साली त्यांना पकडून नेले. १९३९ साली ते गेले. पुस्तक आले ते त्रेचाळीस वर्षांनी." मग बाईंनी एकाएकी विचारले, "तो यक्ष ज्या डोंगरावर राहतो, तो डोंगर खरा आहे का हो?"

"आहे तर! आमच्याकडे नागपूरजवळ रामटेक म्हणून गाव आहे. तोच रामगिरी असे पुष्कळ पंडित मानतात. मी तीनदा जाऊन आलो आहे."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मला वाटायचे, हद्दपारीचा डोंगर कवीने कल्पनेने केला असेल."

तिथून आम्ही पायी निघालो. झाडी असलेला शांत रस्ता, आपल्या हिंदू कॉलनीतल्या गल्लीसारखा. 'कुल्तुरी', म्हणजे संस्कृती, असे रस्त्याचेच नाव. नऊ नंबरशी बाई थांबल्या. समोर एक पाच मजली जुनी इमारत होती. बाहेर धुणी वाळत होती, एका खिडकीत मांजर बसले होते. मी मनात म्हटले, यात दाखवण्यासारखे काय आहे?

"या घराचे नाव 'स्लोवो'. स्लोवो म्हणजे शब्द. त्याचे पहिले अक्षर आमच्या लिपीत इंग्रजी 'सी'सारखे काढतात. घराचा आकारही तसाच ठेवला आहे, वरून पाहिले तर दिसतो."

मला राहवले नाही. मी म्हटले, "बाई, हा शब्द आमचा ओळखीचा आहे. वेदांत 'श्रवस्' म्हणजे कीर्ती, जे चार लोकांच्या कानी जाते ते. तुमचा 'स्लोवो' आणि आमचा 'श्रवस्' एकाच मुळाचे."

"मग तर तुम्ही आत आलेच पाहिजे," असे म्हणून त्यांनी आम्हाला अंगणात नेले.

विसाच्या दशकाच्या अखेरीस लेखकांनी सहकारी संस्था काढून हे घर बांधले. आपल्या वांद्र्याचे 'साहित्य सहवास' डोळ्यांपुढे आणावे. पाच जिने, सहासष्ट बिऱ्हाडे. तोवर ही मंडळी दमट तळघरांत आणि एका खोलीत दोन-दोन संसार अशी दाटीवाटीने राहत होती. इथे प्रत्येकाला स्वतंत्र खोल्या मिळाल्या, उंच छत मिळाले, गच्चीवर उन्हात बसायची सोय झाली आणि त्या काळात अपूर्वाईची गोष्ट म्हणजे घरोघर टेलिफोन आले. कवीच्या बायकोला स्वतःचे स्वयंपाकघर मिळाले, याहून क्रांती ती कोणती?

त्या दिवसांत युक्रेनियन भाषेचे खरोखरच दिवस फिरले होते. झारांच्या राज्यात या भाषेत पुस्तके छापण्यावर वर्षानुवर्षे बंदी होती. १९२३ पासून सोव्हिएत सरकारनेच फर्मान काढले, की कचेऱ्या, शाळा, वर्तमानपत्रे सारी युक्रेनियनमध्ये चालवा. कारकुनांची तारांबळ उडाली. याच घरात राहणाऱ्या मिकोला कुलीशने त्यावर एक फर्मास प्रहसन लिहिले, 'मिना माझायलो'. खारकीवचा एक कारकून. त्याला आपल्या 'माझायलो' या खेडवळ आडनावाची लाज वाटते. आडनाव बदलून 'माझेनिन' असे रशियन वळणाचे घ्यायचे त्याच्या मनात भरते. उच्चार सुधारण्यासाठी तो शिकवणी ठेवतो. मुलगा नेमका आपल्या भाषेचा वेडा. त्या मुलाचे वेड घालवायला घरच्यांनी जी मुलगी पुढे केली, तिला तो युक्रेनियन शिकवतो आणि ती त्याच्याच प्रेमात पडते. शेवटी वर्तमानपत्रात आडनाव बदलल्याची जाहिरात येते, आणि त्याचबरोबर बातमी येते, की भाषेच्या धोरणाला विरोध केल्याबद्दल सदर इसमास नोकरीवरून कमी केले आहे!

बाई हे अंगणात उभ्या राहून सांगत होत्या आणि आम्ही तिघे पोट धरून हसत होतो. बहीण म्हणाली, "अगदी आपल्या शेजाऱ्यांसारखे. नातवाशी मराठीत बोलले की सुनेला कमीपणा वाटतो." हे नाटक लेस कुर्बास या थोर दिग्दर्शकाने १९२९ साली आपल्या नाटकमंडळीकडून याच गावात करवले. कुर्बासही पुढे याच घरात राहायला आला.

"चला, आता इकडे या," बाई म्हणाल्या. भिंतीवर एक पाटी होती. तिच्यावर नावे, नावांखाली नावे. मला वाटले, सोसायटीच्या सभासदांची यादी असेल. एका अर्थी ती तशीच होती.

या घराचा खरा कर्ता पुरुष म्हणजे मिकोला ख्विल्योवी. पक्का कम्युनिस्ट, यादवी युद्धात लढलेला, आणि कथा अशा लिहायचा की तरुण पोरे पाठ करीत. १९२५–२६ मध्ये त्याने लेखांमागून लेख लिहून एकच गोष्ट सांगितली: आमच्या साहित्याने मॉस्कोकडे बघून पावले टाकायचे सोडावे, युरोपकडे बघावे, स्वतःच्या पायांवर उभे राहावे. हे लेख स्टालिनच्या कानांवर गेले. एप्रिल १९२६ मध्ये स्टालिनने युक्रेनमधल्या आपल्या माणसाला जे पत्र लिहिले, त्यात ख्विल्योवीचा नाव घेऊन निषेध आहे. एका कथालेखकाच्या लेखाची दखल साम्राज्याचा धनी घेतो, तेव्हा लेखकाने अभिमान बाळगावा की घाबरावे? ख्विल्योवीच्या एका कादंबरीचा पहिला भाग १९२७ मध्ये मासिकात आला. दुसऱ्या भागाचा अंक छापखान्यातच जप्त झाला. तो दुसरा भाग आजतागायत सापडलेला नाही.

मग १९३२–३३ चा दुष्काळ आला. आभाळाने आणलेला नव्हे, सरकारने आणलेला. खेड्यांतून धान्य कणग्या झाडून नेले आणि गावाबाहेर पडायच्या वाटा रोखल्या. लाखो शेतकरी उपाशी मेले. खारकीवचा मुलूख सर्वांत होरपळलेल्यांपैकी. ख्विल्योवी खेड्यांत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी ते पाहून आला. १२ मे १९३३ च्या सुमारास त्याचा जिवलग मित्र मिखाइलो यालोवी याला या घरातून पकडून नेले. १३ मे रोजी ख्विल्योवीने मित्रांना चहाला बोलावले. गप्पा चालू असता तो आपल्या खोलीत गेला आणि त्याने स्वतःवर पिस्तूल झाडले. कुलीश तेव्हा बाहेरच्या खोलीत होता.

त्यानंतर घराचे रूप पालटले. रात्री जिन्यात बुटांचा आवाज आला, की प्रत्येक बिऱ्हाड श्वास रोखून ऐके, आवाज कोणत्या मजल्यावर थांबतो. टेलिफोनची अपूर्वाई संपली; त्यातून कोण ऐकत असेल सांगता येईना. लेखकांनी हौसेने एकत्र बांधलेले घर पकडायला येणाऱ्यांच्या किती सोयीचे झाले! सहासष्टांपैकी सुमारे चाळीस बिऱ्हाडांवर १९३८ पर्यंत घाला पडला. १९३४ च्या डिसेंबरात कुलीशला पकडले. त्याला, कुर्बासला, यालोवीला आणि कीवच्या मिकोला झेरोव या कवीला उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रातल्या सोलोव्की बेटांवर टाकले. झेरोव तिथे बंदिवासात व्हर्जिलचे महाकाव्य लॅटिनमधून आपल्या भाषेत आणीत होता. ते हस्तलिखितही नाहीसे झाले. १९३७ च्या हिवाळ्याच्या तोंडी त्या बेटांवरचे १,१११ कैदी मुख्य भूमीवर आणून सांदारमोख नावाच्या जंगलात गोळ्या घालून पुरले. वर मी घेतलेली चारही नावे ३ नोव्हेंबर या एकाच दिवसाची. ते जंगल, तो खड्डा कुठे आहे, हे जगाला १९९७ साली कळले.

बहिणीने पदराने डोळे टिपले. भाची म्हणाली, "बाई, दोन वर्षे मी रोज या गल्लीच्या तोंडावरून जाते. मला ठाऊकही नव्हते."

बाई म्हणाल्या, "तुझे काय घेऊन बसलीस? मी याच गावात जन्मले, याच गावात साहित्य घेऊन पदवी घेतली. पदवीच्या वर्षापर्यंत ख्विल्योवी हे नाव मी एकाही पुस्तकात वाचले नव्हते."

"मग कळले कसे?"

"रात्री. रेडिओवर."

परत येताना एका उपाहारगृहात बसून बाईंनी पुढचा भाग सांगितला. त्यांचे वडील रात्री उशिरा रेडिओवर उशी दाबून म्युनिचहून येणारे युक्रेनियन कार्यक्रम ऐकत. सरकार मध्येच घरघर सोडी. त्या घरघरीतून चार वाक्ये कानी पडत, त्यांत ही नावे असत. स्वतःच्या गल्लीतल्या लेखकाचे नाव दोन हजार किलोमीटरवरून ऐकायचे!

ते तिथे पोहोचले कसे? महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीत लक्षावधी बेघर माणसे होती. त्यांतल्या सुमारे दोन लाख युक्रेनियनांनी सोव्हिएत राज्यात परत जायला नकार दिला. निर्वासितांच्या छावण्या, पत्र्याच्या आणि लाकडी खोल्या, शिध्याच्या रांगा. आपल्याकडे फाळणीनंतर कल्याणच्या छावण्यांनी जे पाहिले तेच. अशा स्थितीत १९४५ च्या सप्टेंबरात फ्युर्ट या जर्मन गावी काही लेखकांनी एकत्र येऊन साहित्यसंस्था काढली. अध्यक्ष उलास सामचुक. या सामचुकने दुष्काळावर पहिली कादंबरी १९३४ सालीच लिहिली होती. ल्विव्ह तेव्हा पोलंडात होते म्हणून ती छापता आली. पोटाला पुरेसे नाही, उद्या कोणत्या देशाची बोट मिळेल ठाऊक नाही, आणि ही मंडळी हलक्या कागदावर मासिके काढीत होती, थोर साहित्य कशाला म्हणावे यावर भांडत होती. भांडणे तर अशी कडाक्याची, की आपल्या साहित्यसंमेलनाने धडा घ्यावा.

इवान बाह्र्यानी त्यांच्यातलाच. याच खारकीवच्या तुरुंगात त्याचा छळ झाला होता. १९४६ मध्ये त्याने आपण मायदेशी का परत जात नाही, हे सांगणारे एक पत्रक लिहिले. १९५० मध्ये 'गेथसेमनीची बाग' या कादंबरीत तुरुंगाच्या भिंतींना बोलते केले. तो १९६३ मध्ये जर्मनीतच वारला. वासिल बार्का अमेरिकेला गेला आणि दुष्काळात एका शेतकरी कुटुंबाचे काय झाले याची 'पिवळा राजपुत्र' ही कादंबरी त्याने १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. उपासमार त्याने स्वतः भोगली होती. न्यूयॉर्कमध्ये तर तरुण कवींचा एक गटच जमला. लहानपणी आईबापांबरोबर देश सोडलेली ही मुले. यूरी तार्नाव्स्की दिवसा गणकयंत्रांच्या कंपनीत इंजिनीयर, रात्री युक्रेनियन कवी. त्यांच्या जोडीची वीरा वोव्क तर ब्राझीलमध्ये राहून त्या भाषेत लिहीत होती.

आणि मारल्या गेलेल्यांचे काय? त्यांची पुस्तके मायदेशी जाळली, वाचनालयांतून काढून टाकली. परदेशी कुणाच्या ट्रंकेत एक प्रत, कुणाकडे एका मासिकाचा फाटका अंक. खारकीवचाच यूरी लाव्रिनेंको हा समीक्षक, स्वतः अटकेतून वाचलेला. त्याने हे सारे वेचून जमवले. पॅरिसजवळ राहणारा पोलिश संपादक येझी गेद्रोइत्स याने ते १९५९ मध्ये छापले. पोल आणि युक्रेनियन यांचे पिढ्यान् पिढ्यांचे वैर. तरी पैसा, छापखाना पोलिश माणसाचा. पुस्तकाला नावही त्यानेच सुचवले, 'गोळ्या घातलेले नवयुग'. जवळजवळ हजार पानांचा तो ग्रंथ आहे. त्या एका नावाने आज सारी पिढी ओळखली जाते.

मी म्हटले, "म्हणजे तिकडे गेलेले सुटले म्हणायचे."

बाईंनी मान हलवली. "जीव वाचले. पण लेखकाला जिवाखेरीज वाचक लागतो. इथे वाचक होते आणि पुस्तक नव्हते. तिथे पुस्तक होते आणि वाचक नव्हता. काही शे प्रती काढायच्या, त्या एकमेकांनाच वाटायच्या. मुले इंग्रजीत बोलू लागलेली. आपण लिहितो आहोत ते कधी काळी खारकीवच्या गल्लीत कुणी वाचील, या एका भरवशावर चाळीस-चाळीस वर्षे लिहायचे. मला विचाराल तर दोघांचा तुरुंग एकच, भिंती दोन."

त्या भिंतीला भोक पाडायचे काम साठ सालानंतर सुरू झाले. नव्या तरुण कवींची पिढी उठली. त्यांतला वासिल स्तूस. १९६५ मध्ये कीवच्या एका चित्रपटगृहात लेखकांच्या अटकेविरुद्ध तो उभा राहिला, आणि त्याचे शिक्षण, नोकरी सारे गेले. पहिला कवितासंग्रह मायदेशी छापला जाईना, तो १९७० मध्ये ब्रुसेल्सला निघाला. पुढची बारा-तेरा वर्षे तुरुंग आणि हद्दपारी यांत गेली. कविता तो बायकोला लिहिलेल्या पत्रांतून पाठवी; ओळी तोडायच्या नाहीत, गद्यासारख्या सलग लिहायच्या, म्हणजे तपासणाऱ्याला पत्र वाटावे. १९८५ च्या ४ सप्टेंबरला उरल पर्वताकडच्या छावणीत एकांत कोठडीत तो मेला. पुढच्याच वर्षी त्याचा मोठा संग्रह परदेशी युक्रेनियनांनी प्रसिद्ध केला. १९८९ च्या नोव्हेंबरात त्याच्या अस्थी कीवला आणल्या, तेव्हा हजारो माणसे रस्त्यावर होती. मग १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि पुस्तके घरी परतू लागली. बाह्र्यानीला मरणोत्तर देशातला सर्वांत मोठा वाङ्मयीन पुरस्कार मिळाला.

"मग सारे गोड झाले?" बहिणीने विचारले.

"झाले असते तर बरे होते," बाई म्हणाल्या. जाता जाता सुम्स्का रस्त्यावरच्या एका जुन्या घराची भिंत त्यांनी दाखवली. यूरी शेवेल्योव हा फार मोठा भाषापंडित तरुणपणी तिथे राहत असे. १९४३ मध्ये त्याने गाव सोडले, पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाला, २००२ मध्ये तिथेच वारला. २०१३ च्या सप्टेंबरात त्याच्या नावाची पाटी इथे लावली. तोच महिना संपायच्या आत ती कुऱ्हाडीने फोडण्यात आली. ती पुढे पुन्हा बसवली गेली. आम्ही गेलो तेव्हा मात्र जागा रिकामीच होती. मृत परदेशस्थ पंडिताची पाटीसुद्धा कुणाला खुपते, याचे मला तेव्हा नवल वाटले. आज वाटत नाही.

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे बहिणीचा फोन आला. रशियाने हल्ला केला होता. भाची भुयारी रेल्वेच्या स्टेशनात शेकडो माणसांबरोबर जमिनीवर झोपत होती. आमच्या घरात सहा दिवस कुणी नीट जेवले नाही. खारकीवहून गाडी मिळाली ती चेंगराचेंगरीत, उभ्याने ल्विव्ह, तिथून पोलंडची हद्द, आणि मग आपल्या सरकारच्या विमानाने घरी. पाठीवर एक पिशवी होती. पुस्तके सगळी तिथेच राहिली. राहिलेले शिक्षण तिने पुढे दुसऱ्या देशात पुरे केले.

त्याच मार्चमध्ये 'स्लोवो' घरालाही तोफेच्या माऱ्याचा तडाखा बसला. घर उभे आहे. पण खरी गोष्ट सांगायची ती पुढेच आहे.

खारकीवच्याच मुलखात इझ्यूमजवळच्या एका खेड्यात वोलोदिमिर वाकुलेंको हा मुलांसाठी लिहिणारा लेखक राहत असे. गाव रशियन फौजेच्या ताब्यात गेले. तो रोजनिशी लिहीत होता. आपल्याला नेणार अशी चाहूल लागताच त्याने ती बागेतल्या चेरीच्या झाडाखाली पुरली आणि वडिलांना सांगून ठेवले, आपली माणसे आली की द्या. २४ मार्च २०२२ रोजी त्याला नेले ते परत आलाच नाही. प्रेत पुढे इझ्यूमच्या जंगलातल्या थडग्यांत सापडले. सप्टेंबरात गाव मोकळे झाल्यावर विक्तोरिया अमेलिना ही तरुण कादंबरीकार तिथे गेली आणि तिने जमीन खणून ती रोजनिशी काढली. ती आता खारकीवच्या साहित्यसंग्रहालयात आहे. २०२३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. अमेलिनाने लिहिलेल्या प्रस्तावनेत एक भीती आहे: तिसाच्या दशकात झाले ते पुन्हा होत आहे की काय? त्याच जूनच्या २७ तारखेला क्रामातोर्स्क गावी ती जेवायला बसली असता उपाहारगृहावर क्षेपणास्त्र पडले. १ जुलैला ती गेली. वय सदतीस.

ही बातमी मला बाईंनीच कळवली, पोलंडहून. हल्ल्यानंतर दुसऱ्या महिन्यात त्या लेकीकडे गेल्या, आणि आता तिथल्या शाळेत आपल्या गावाहून आलेल्या मुलांना शिकवतात. रशियन नव्हे, युक्रेनियन. वर्गात रशियन आणि घरी युक्रेनियन, हा जुना हिशेब त्यांनी मिटवून टाकला. एका पत्रात त्यांनी लिहिले होते, की रित्तरसाहेबांचे पुस्तक खारकीवला खिडकीजवळच्या फळीवर राहिले आहे. काच फुटली आहे असे शेजारीण सांगते. पावसाने भिजले नसेल तर बरे.

यंदा आषाढात मी चौथ्यांदा रामटेकला गेलो. गडावर ढग अगदी हाताशी येतात. खालच्या तळ्यावर सर येऊन गेली होती. मी दोन छायाचित्रे काढून बाईंना पाठवली आणि लिहिले, हा तुमचा डोंगर.

उत्तर रात्री आले. त्यांनी आधी विचारले, यक्षाला किती काळाची शिक्षा होती? मी कळवले, एका वर्षाची. मेघ दिसला तेव्हा चारच महिने उरले होते.

त्यावर त्यांचे एका ओळीचे पत्र आले. त्याला निदान मुदत ठाऊक होती.